जुकाटाला कोण, धुरेला कोण?

पौष पौर्णिमेला नागापूरच्या थापलिंग गडावर खंडोबाची यात्रा भरते, नवसाचे गाडे घाटात पळतात, आणि जुन्नर-आंबेगावात वादांचा हंगाम सुरू होतो. बांधाचे आणि कालव्याच्या पाण्याचे वाद इथे बारमाही आहेत, त्यांना हंगाम लागत नाही. हे वाद बैलांचे. अमक्याचा बैल जुकाटातून काढून धुरेला घातला असता तर गाडा कमी वेळात गेला असता की नाही? तमक्या दोघांची जुगलबंदी का फुटली? आणि सगळ्यात न संपणारा प्रश्न म्हणजे आत्ताचे बैल भारी की शर्यतबंदीच्या आधीचे? चहा गार होतो, दूध डेअरीची वेळ टळते, पण कोणी माघार घेत नाही.

अमेरिकेत बास्केटबॉलचे शौकीन अगदी याच तिडिकेनं आपल्या संघाच्या दोन गार्डांबद्दल भांडतात. चेंडू पुढे नेणारे हे दोघे एकमेकांना पूरक आहेत की एकमेकांच्या पायात येतात, आणि चाळीस वर्षांपूर्वीच्या जोडीसमोर हे टिकले असते का, हे त्यांचे प्रश्न. आपल्याकडे गार्ड नाहीत, बैल आहेत. भांडणाचा गाभा मात्र एकच, आणि तो वाटतो तितका पोरकट नाही. चांगले दोन एकत्र आणले की चांगली जोडी होते का, हा खरं तर मोजमापाचा प्रश्न आहे.

आधी खेळ समजून घेऊ, कारण बैलगाडा शर्यत म्हटल्यावर पुण्या-मुंबईच्या वाचकाच्या डोळ्यांसमोर बहुधा सातारा-सांगलीकडची शर्यत येते. तिकडे दोन बैलांचा छकडा असतो, त्यावर गाडीवान असतो, मोकळ्या माळावर आखलेल्या पट्ट्यांतून अनेक छकडे एकाच वेळी सुटतात आणि गट, सेमी, फायनल अशा पायऱ्या चढत निकाल लागतो. खटाव तालुक्यातल्या पुसेगावला सेवागिरी महाराजांच्या यात्रेत भरणारं हिंदकेसरी मैदान याच पद्धतीचं. तिथे समोरच्याला मागे टाकायचं असतं. घड्याळ दुय्यम.

जुन्नर, आंबेगाव, खेड, मावळ या पट्ट्यातला गाडा वेगळा. इथे एका वेळी एकच गाडा पळतो आणि त्याची झुंज घड्याळाशी असते. धावपट्टीला घाट म्हणतात, कारण ती चढाची असते. दोन चाकांच्या हलक्या सांगाड्याला चार बैल जुंपतात. गाड्यालगतची मागची जोडी धुरेची, तिच्या पुढची जोडी जुकाटाची. सगळ्यांच्या पुढे घोडी आणि तिच्यावर स्वार. गाड्यावर कोणी बसत नाही. निशाण पडतं, घोडी उधळते, बैल तिच्यामागे झेपावतात, भंडाऱ्याचा पिवळा ढग उठतो, निवेदक ‘भिर्रर्र’ म्हणून गळा ताणतो आणि दहा-पंधरा सेकंदांत सगळं संपतं. एका गाड्याच्या या धावेला बारी म्हणतात. वर्षभराचा खुराक, म्हणजे दूध, अंडी, उडीद, मक्याची भरड, शिवाय पहाटेचे सराव आणि मालकाची झोप, असं सगळं या दहा-पंधरा सेकंदांवर लागलेलं असतं.

गाड्यावर गाडीवान नाही, ही गोष्ट या वादात कळीची आहे. साताऱ्याकडे जोडी बिघडली तर गाडीवान कासऱ्यानं ती थोडीफार सावरू शकतो. आपल्याकडे एकदा गाडा सुटला की चार बैल आणि एक घोडी यांनी आपापसात काय ते ठरवायचं. माणसाचा सगळा शहाणपणा जुंपणीच्या आधी संपलेला असतो. म्हणून कोणता बैल कुठे जुंपायचा, या निर्णयाला इथे एवढं वजन आहे आणि म्हणूनच तो चुकला की गावभर चर्चा.

जुकाटाच्या आणि धुरेच्या जोडीचं काम सारखं नाही. जुकाटाचे बैल घोडीच्या थेट मागे असतात. त्यांनी निशाण पडताच झेप घ्यायची, घोडीवर नजर ठेवायची आणि रेघ न सोडता सरळ पळायचं. त्यांच्यात अंगचा उतावळेपणा हवा. धुरेच्या बैलांच्या मानेवर गाड्याची दांडी असते. चाक खड्ड्यात आदळलं तर धक्का त्यांना बसतो, गाडा एका बाजूला ओढला गेला तर तो सरळ ठेवण्याचा भार त्यांच्यावर येतो. त्यांना समोर घोडी दिसत नाही, पुढच्या बैलांच्या पाठी दिसतात. इथे ताकद हवी आणि डोकं शांत हवं. धुरेचा पक्का बैल जुकाटाला घातला की तो घोडीकडे न बघता इकडेतिकडे बघत पळतो, आणि जुकाटाचा चपळ बैल धुरेला घातला की दांडी मानेवर येताच बिथरतो, असं अनुभवी गाडामालक सांगतात. ‘सगळ्यात पळणारे चार बैल एकत्र आणा, गाडा पहिला येईल’ असं म्हणणारा माणूस घाटाच्या कडेला उभा राहिलेला असतो, बैलाच्या कासऱ्याला त्यानं हात लावलेला नसतो.

त्यात पुन्हा खांद्याचा प्रश्न. जोडीत बैल डावीकडे पळतो की उजवीकडे, ही सवय लहानपणी लागते आणि सहसा सुटत नाही. दोन्ही खांदी पळणारा बैल म्हणूनच मोलाचा. त्याची किंमत निव्वळ वेगाची नसते, तो कोणाहीबरोबर जुळवता येतो याची असते. बेल्ह्याच्या बैलबाजारात खोंडाचे पाय, छाती, शेपटीचा गोंडा सगळे बघतात. जाणता मात्र त्याच्या मालकाला विचारतो, कोणत्या खांद्याला चालतो?

जोडीत दोघे सारखे का असावे लागतात, याचं कारण जोखडाच्या साध्या यंत्रशास्त्रात आहे. जू म्हणजे मधोमध टेकलेली तरफ. दोन्ही बाजूंचं अंतर सारखं असेल तर दोघांचा जोर सारखा लागला तरच ते आडवं सरळ राहतं. नांगराला एक बैल थकलेला असेल तर शेतकरी त्याच्या बाजूचं जू थोडं लांब देतो. तरफेची भुजा लांबली की त्याच कामाला कमी जोर पुरतो. नांगरटीत हे चालतं, कारण तिथे घाई नसते. घाटात एक बैल अर्धा हात पुढे गेला की जू तिरपं होतं, गाड्याचं तोंड मागे पडलेल्या बैलाच्या बाजूला वळू लागतं, आणि पुढच्याचा बराचसा जोर गाडा पुढे नेण्याऐवजी तो आडवा वळवण्यात जातो. म्हणजे पुढे गेलेला बैल वेगवान असूनही गाड्याला मंद करतो. एक बैल बिजलीसारखा आणि दुसरा बरा, यापेक्षा दोन्ही चांगले पण सारखे, ही जोडी घाटात पुढे जाते. ‘एकट्यानं पळवला तर याच्या आसपास कोणी नाही’ अशी ज्याची ख्याती, तो बैल जोडीत का चालत नाही, याचं उत्तर पुष्कळदा त्याच्या गुणातच असतं.

बास्केटबॉलमध्ये याचं एक गाजलेलं उदाहरण आहे आणि ते आपल्या शौकिनांना आवडेल. न्यूयॉर्क निक्सकडे वॉल्ट फ्रेझर होता, १९७० चं अजिंक्यपद त्याच्यासह जिंकलेलं. १९७१ मध्ये निक्सनं बाल्टिमोरचा अर्ल मन्रो आणला. हा मन्रो आदल्या मोसमापर्यंत त्यांचा कट्टर प्रतिस्पर्धी. दोघांनाही चेंडू हातात लागायचा, दोघांचंही नाव घेऊन माणसं तिकिटं काढायची. मैदानात चेंडू एकच, तो कोणाकडे राहणार, यावर शहरभर खल झाला. मन्रोनं आपला खेळ आवरता घेतला, फ्रेझरनं जागा करून दिली, आणि १९७३ मध्ये निक्स पुन्हा अजिंक्य ठरले. माणूस असं आवरतं घेऊ शकतो, कारण त्याला सांगता येतं. बैलाला ‘यंदा जरा दमानं, शेजारच्याला बरोबर घे’ असं कसं सांगणार? त्यामुळे बैलाची जोडी शोधावी लागते, घडवायला वाव कमी. मालक वर्षानुवर्षं जोडीदार बदलत राहतात याचं मला तरी नवल वाटत नाही.

शोधायची म्हणजे दुसऱ्याच्या दावणीतही बघावं लागतं. एकाच मालकाचे चारही बैल असलेले गाडे आहेत, पण दोन-तीन मालकांनी आपापले बैल एकत्र जुंपायचे, ही रीत रुळली आहे. यात्रेच्या फलकांवर आणि निवेदकाच्या तोंडी तिला जुगलबंदी म्हणतात. एका गावचं जुकाट, दुसऱ्या गावची धूर. बारीच्या क्रमाचं टोकन कोणाच्या नावानं, बक्षिसाची वाटणी कशी, ढाल कोणाच्या घरी, हे सगळं आधी ठरतं आणि ते ठरण्यातच कैक जुगलबंद्या फुटतात. शौकीन सांगतात की बैलांचं पटेना. पटत नसतं ते बहुतेक वेळा मालकांचं. कोणत्याही वादात हा मुद्दा काढला की दोन मिनिटं शांतता पसरते.

बैलांची नावं मात्र ऐकण्यासारखी. पूर्वी सर्जा-राजा, सोन्या, लक्ष्या, सुंदर. आता बघा. भाळवणीला पैलवान चंद्रहार पाटलांनी भरवलेल्या मैदानात २०२३ मध्ये थार गाडी जिंकली ती बकासुर आणि महिब्या या जोडीनं. २०२५ मध्ये सांगली जिल्ह्यातल्या मैदानात फॉर्च्युनर नेली ती ‘हेलिकॉप्टर बैज्या’ आणि ‘ब्रेक फेल’ यांनी. दोन्ही सातारा-सांगलीकडच्या दोन बैलांच्या शर्यती. तिथे जोडीचं नाव होतं आणि ते राज्यभर पोचतं. आपल्याकडे चार बैल पळतात, फलकावर मालकाचं नाव लागतं आणि बैलांची नावं घाटाबाहेर जात नाहीत. हे मला नेहमीच खटकत आलंय. त्याच्याकडे शेवटी येतो.

आता जुन्या-नव्याचा वाद. ‘आबा, तुमचे बैल तेरा सेकंदांत जायचे, आमचे बारात जातात, मग भारी कोण?’ असं पोरगं विचारतं. आबा म्हणतात, ‘तो घाट वेगळा होता रे.’ पोराला ही पळवाट वाटते. पण आबांचं म्हणणं भौतिकशास्त्राला धरून आहे.

समजा, घाट १०० मीटरचा आहे आणि गाडा तो १२ सेकंदांत पार करतो. सरासरी वेग झाला ताशी ३० किलोमीटर. आता एका घाटाचं शेवटचं टोक सुरुवातीपेक्षा ३ मीटर उंच आहे आणि दुसऱ्याचं ५ मीटर. दोन मीटरचा फरक डोळ्याला जाणवतही नाही. पण स्वतःचं वजन तेवढं वर उचलायला बैलाला जी ऊर्जा लागते, ती उभ्यापासून ताशी ३० किलोमीटरचा वेग गाठायला लागणाऱ्या ऊर्जेच्या निम्म्याहून जास्त भरते. बैल जड असो की हलका, हे प्रमाण तेच राहतं. म्हणजे दोन मीटर जादा चढ असलेल्या घाटात बैल सपाटून पळाला तरी घड्याळ त्याला मंदच दाखवणार. शिवाय घाटाची लांबी गावागणिक वेगळी. कुठे मुरूम, कुठे काळी माती, कुठे सकाळी पाणी मारलेलं. सकाळच्या पहिल्या बारीला लागलेली जमीन आणि शंभर गाडे जाऊन भुसभुशीत झालेली दुपारची जमीन एकच कशी धरायची? टोकनात दुपारची बारी आली तर मालकाचा चेहरा पडतो, तो उन्हापायी आणि या जमिनीपायीही.

घड्याळाचीही एक गंमत आहे. हातातलं घड्याळ दाबणारा माणूस निशाण पडलेलं बघतो, मग दाबतो. या मधल्या वेळेत साधारण सेकंदाचा पाचवा हिस्सा जातो. शेवटी मात्र गाडा येताना दिसत असतो, म्हणून बोट आधीच तयार असतं आणि घड्याळ वेळेवर थांबतं. परिणामी हातानं मोजलेली वेळ खऱ्यापेक्षा कमी भरते. माणसांच्या धावण्याच्या शर्यतींत हे जगभर मान्य आहे. शंभर मीटरची हातानं घेतलेली वेळ विद्युत घड्याळाच्या वेळेशी ताडून बघायची तर तिच्यात ०.२४ सेकंद मिळवायची रूढ रीत होती. आपल्या बारा सेकंदांच्या गाड्याच्या हिशेबात ०.२४ सेकंद म्हणजे दोन मीटर! एका बैलाच्या लांबीएवढं अंतर. आणि आपल्याकडे तर सेकंदाच्या शंभराव्या भागावर निकाल लागतात, म्हणजे आठ सेंटिमीटरवर, बैलाच्या एका खुराएवढ्या अंतरावर. हल्ली कित्येक घाटांवर सेन्सर आले आहेत, ते निकालाच्या न्यायासाठी चांगलंच झालं. पण मग सेन्सरचे बारा सेकंद आणि आबांच्या काळातल्या हातघड्याळाचे बारा सेकंद एकाच पाटीवर कसे लिहिणार? तसं बघितलं तर हातघड्याळानं जुन्या बैलांना थोडी मेहेरबानीच केलेली आहे. आबांना हे सांगायचं धाडस ज्याचं त्यानं करावं.

बंदीनं या वादात जी पोकळी पाडली, तिची मात्र तुलना कशाशी होत नाही. केंद्र सरकारनं ११ जुलै २०११ च्या अधिसूचनेनं बैलाला खेळासाठी प्रदर्शन करण्यास मनाई असलेल्या प्राण्यांच्या यादीत घातलं. ७ मे २०१४ ला सर्वोच्च न्यायालयानं, भारतीय जीवजंतू कल्याण मंडळ विरुद्ध ए. नागराज या खटल्यात, तमिळनाडूतल्या जल्लीकट्टूसह बैलगाडा शर्यतींवर बंदी आणली. २०१६ च्या जानेवारीत केंद्रानं सवलत दिली, ती आठवड्याच्या आत स्थगित झाली. २०१७ मध्ये महाराष्ट्रानं कायद्यात दुरुस्ती केली, तिच्याखालच्या शर्यतींना मुंबई उच्च न्यायालयानं त्याच वर्षी रोखलं. अखेर १६ डिसेंबर २०२१ ला सर्वोच्च न्यायालयानं महाराष्ट्राला अटींसह परवानगी दिली. आंबेगावातल्या लांडेवाडीला १ जानेवारी २०२२ ला शर्यत ठरली, घाट सजला, आणि करोनाच्या नव्या लाटेमुळे ऐन वेळी परवानगी गेली. फेब्रुवारीत घाट खुले झाले. त्या महिन्यात खेड तालुक्यातल्या निमगाव दावडीला शिरूरचे खासदार अमोल कोल्हे स्वतः घोडीवर बसून गाड्यापुढे धावले आणि आठवडाभर बैलांपेक्षा त्यांचीच चर्चा जास्त झाली. १८ मे २०२३ ला पाच न्यायाधीशांच्या घटनापीठानं राज्यांचे कायदे वैध ठरवले.

मे २०१४ ते डिसेंबर २०२१. साडेसात वर्षांच्या वर. हा काळ बैलाच्या वयात मोजून बघा. दुधाचे दात न पडलेला खोंड आदत. साधारण दोन-अडीच वर्षांचा होताना पक्के दोन दात येतात, तो दुसा. पुढे चौसा, मग सहादाती, आणि पाचाच्या आसपास आठही दात आले की जुळला. शर्यतीच्या बैलाची उमेदीची वर्षं याच टप्प्यांत आणि त्यापुढच्या थोड्या काळात येतात. बंदी आली त्या मे महिन्यात दोन वर्षांचा असलेला आदत, बंदी उठली तेव्हा साडेनऊ वर्षांचा झाला होता. म्हणजे बैलांची एक अख्खी पिढी घाट न बघता म्हातारी झाली. त्यांतला एखादा सगळ्यांत भारी असेलही. काही विकले गेले, काही नांगराला लागले, काहींची पाळायची ऐपत मालकांना राहिली नाही. चोरून शर्यती झाल्या, गुन्हेही दाखल झाले, पण तिथल्या वेळा कोण नोंदवून ठेवणार? ‘बंदीच्या आधीचे’ आणि ‘आत्ताचे’ अशी जी दोन टोकं वादात येतात, त्यांच्यामध्ये दोघांबरोबर पळलेला एकही दुवा उरलेला नाही. खेळाडूंच्या पिढ्यांची तुलना करताना असा दुवाच कामी येतो. जुन्यांबरोबर तरुणपणी खेळलेला आणि नव्यांबरोबर उतारवयात खेळलेला एखादा असतो, त्याच्या कामगिरीवरून दोन्ही काळांचं माप जुळवता येतं. बैलांच्या बाबतीत तो दुवा कायद्यानं तोडला.

कायदा चुकीचा होता, असं मात्र मी म्हणणार नाही. न्यायालयापुढे जे आलं ते खोटं नव्हतं. शेपट्या पिरगळणं, अणकुचीदार काठ्या, विजेचे झटके हे प्रकार घडत होते आणि आपण सगळ्यांनी ते बघून न बघितल्यासारखं केलं. आत्ताच्या नियमांत धाव एक हजार मीटरच्या आत ठेवायची, काठी-चाबूक-झटका वापरायचा नाही, बैलाची पशुवैद्यकाकडून तपासणी करायची, अशा अटी आहेत. कायदा मोडून प्राण्याला इजा केली तर तीन वर्षांपर्यंत कैद किंवा पाच लाखांपर्यंत दंड आहे. जोडीच्या वादातही याला अर्थ आहे. मारून पळवलेल्या बैलाची वेळ ही त्याची वेळ नव्हे. जोडी जमली की नाही हे बघायचं तर बैल आपल्या मनानं पळायला हवेत. भीतीनं पळणारे चार बैल एकत्र सुटत नाहीत, चौघे चार दिशांना पळू बघतात. जुन्या वेळांकडे बघताना ही शंका मनातून जात नाही, आणि आबांकडेही तिचं उत्तर नाही.

मग चांगली जोडी ओळखायची कशी? बास्केटबॉलमध्ये एक साधी युक्ती वापरतात. एखादा खेळाडू मैदानात असताना संघानं किती गुण मिळवले आणि किती गमावले, याची वजाबाकी मांडायची. त्यानं स्वतः किती गुण केले हे बाजूला ठेवायचं. मग तोच खेळाडू अमक्याबरोबर असताना किती, तमक्याबरोबर असताना किती, असं बघत जायचं. एखादा स्वतः फार गुण न करणारा खेळाडू निघतो, पण तो असला की बाकी चौघांचा खेळ उजळतो. धुरेला अशा बैलांची उदाहरणं शौकिनांच्या बोलण्यात येतात. निवेदक ज्याचं नाव कधी घेत नाही, पण तो नसला की गाडा मागे पडतो.

आपल्याकडे हे करायला काय हरकत आहे? एका यात्रेत शेकड्यांनी बाऱ्या होतात. एकच बैल हंगामात वेगवेगळ्या जोडीदारांबरोबर, वेगवेगळ्या घाटांत पळतो. एकाच दिवशी, एकाच घाटात, एकाच सुमाराला पळालेल्या गाड्यांच्या वेळा एकमेकींशी ताडायच्या, म्हणजे चढ, माती आणि घड्याळ यांचा फरक आपोआप गळून पडतो. त्या सुमाराच्या मधल्या गाड्यापेक्षा हा गाडा किती सेकंद पुढे किंवा मागे, एवढंच लिहायचं. हंगामभराच्या अशा नोंदी झाल्या की सर्जा सोन्याबरोबर असताना किती पुढे आणि लक्ष्याबरोबर असताना किती, हे कोणालाही बेरीज-वजाबाकीनं काढता येईल. दोन-चार बाऱ्यांवरून निष्कर्ष काढू नये, हे पथ्य मात्र पाळावं लागेल. घोडी जरा आडवी गेली, एखाद्या बैलानं गर्दीकडे मान वळवली, एवढ्यानं अर्धा सेकंद जातो. एक बारी बघून ‘जोडी जमली’ म्हणणारा आणि एक बारी बघून ‘जोडी मोडा’ म्हणणारा, दोघेही सारखेच घाईचे.

जुन्या बैलांबद्दलही थोडं करता येण्यासारखं आहे. बंदीच्या आधीच्या लग्नाच्या, यात्रेच्या चित्रफिती घराघरांत पडून आहेत. चित्रफितीत सेकंदाला पंचवीस-तीस चौकटी असतात. निशाण पडलेली चौकट आणि बैलाचं तोंड रेषेवर आलेली चौकट शोधून मधल्या मोजल्या, तर सेकंदाच्या पंचविसाव्या-तिसाव्या हिश्शापर्यंत वेळ कळते. ती हातघड्याळापेक्षा केव्हाही खात्रीची. तो घाट अजून असेल तर त्याची लांबी आणि चढ आजही मोजता येतो. कॉलेजातल्या दोन पोरांनी एका सुट्टीत करावं एवढंच हे काम आहे.

अडचण आहे ती नावांची. दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रात निकाल येतो त्यात पहिल्या, दुसऱ्या, तिसऱ्या क्रमांकाच्या गाडामालकांची नावं असतात, बक्षीस देणाऱ्यांची असतात, उपस्थित पुढाऱ्यांची तर असतातच. पळालेल्या चार बैलांची नावं नसतात. जुकाटाला डावीकडे कोण होता आणि धुरेला उजवीकडे कोण, हे त्या दिवशी घाटात असलेल्यांच्या डोक्यात राहतं आणि त्यांच्याबरोबर जातं. बैल गेल्यावर त्याची दशक्रिया घालणारी, त्याच्या फोटोला हार घालणारी आपली माणसं, पण तो कोणाबरोबर पळाला ते लिहून ठेवत नाहीत.

म्हणून यात्रा कमिट्यांना एक विनंती. टोकन घेताना मालकाच्या नावाखाली चार रकाने वाढवा. जुकाट डावा, जुकाट उजवा, धूर डावा, धूर उजवा. बैलाचं नाव आणि दात लिहून घ्या. घाटाची लांबी आणि चढ एकदा फितीनं आणि पाणसळीनं मोजून फलकावर रंगवा, आणि निकालाच्या कागदाचा फोटो काढून गावच्या ग्रंथालयात किंवा शाळेत एक प्रत ठेवा. पुढच्या पौष पौर्णिमेपासून सुरुवात करायची तर तयारीला पावसाळ्यानंतरचे तीन महिने पुरेसे आहेत.